इझुमो ताइशा : प्राचीनत्व नेमके कशात?

जपानमधील इझुमो ताइशा या देवस्थानाचे आजचे मुख्य मंदिर १७४४ सालचे असल्याने त्यास प्राचीन म्हणणे कितपत योग्य, ही आपली शंका रास्त आहे. परंतु शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या परंपरेत वास्तू पुनःपुन्हा उभारली जाते आणि प्राचीनत्व त्या जागेत, रचनेत व उपासनेत जपले जाते, हे ध्यानात घ्यावे लागते. सध्याचे मंदिर सुमारे २४ मीटर उंच आहे, तर पूर्वी ते ४८ मीटर उंच होते, असे परंपरा सांगते. ही अतिशयोक्ती मानली जाई. मात्र २००० साली आवारातील उत्खननात सुगी (जपानी देवदार) वृक्षाचे तीन-तीन प्रचंड बुंधे एकत्र बांधून केलेले तेराव्या शतकातील खांब सापडले आणि त्या कथेकडे गांभीर्याने पाहणे भाग पडले. खांबांच्या जागा फरसबंदीवर तीन वर्तुळांनी दाखविल्या आहेत. तेथे मी बराच वेळ थांबलो होतो. शेजारचे संग्रहालय कृपया चुकवू नये, त्या खांबांपैकी एक मूळ खांब तेथे आहे. दर्शन घेताना अन्यत्र बहुधा दोन टाळ्या वाजवितात, येथे मात्र चार. येथील ओकुनिनुशी या देवाची पुढे दाइकोकुतेन या देवाशी, म्हणजेच आपल्या महाकालाच्या जपानी रूपाशी, सांगड घातली गेली, ही बाब मला विशेष जिव्हाळ्याची वाटते.