फुटबॉलमध्ये बचावपटूचं करिअर आरामाचं? कोणी सांगितलं?

सेंटरबॅक_४
काल नऊ_नंबर यांनी लिहिलं, "बचावपटूची नोकरी सगळ्यात सुरक्षित. वेग गेला तरी अनुभवावर चाळिशी गाठता येते. गोल मारणाऱ्या स्ट्रायकरचे दोन हंगाम कोरडे गेले की तो घरी." वाचून डोकं तापलं.

इटलीचा बचावपटू मालदिनी मिलान क्लबकडून ९०२ सामने खेळला म्हणून सगळे बचावपटू मालदिनी होतात का? स्ट्रायकरने पाच संधी घालवून सहावी साधली तर तो हिरो. आपण ८९ मिनिटं चोख खेळायचं, एकदा पाय घसरला की आठवडाभर तीच क्लिप. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाचा बचावपटू एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला आणि दहा दिवसांत मायदेशी मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, बॅलन डी'ओर? १९५६ पासून तो मिळालेले बचावपटू: बेकनबावर (दोनदा), झामर, कानावारो. संपली यादी. २००६ नंतर एकही नाही.

नऊ_नंबर
एस्कोबारला मध्ये आणून चर्चा भावनेवर नेऊ नका. मुद्दा करिअर किती टिकतं हा होता. पोर्तुगालचा बचावपटू पेपे ४१ व्या वर्षी युरो २०२४ ही स्पर्धा खेळला. बचावपटू व्हॅन डाइकसाठी लिव्हरपूल क्लबने साडेसात कोटी पौंड मोजले. कुठे आहे अन्याय?

मागची_फळी
स्ट्रायकर इब्राहिमोविचही ४१ पर्यंत खेळला, तो कुठला बचावपटू? आणि व्हॅन डाइकचा गुडघा २०२० मध्ये एका टॅकलमध्ये गेला, अख्खा हंगाम बुडाला, ते सोयीस्कर विसरलात.

पण गुडघा राहू द्या, डोक्याचं बोला. गोलकिक आली की उडी मारून डोकं कोण लावतं? ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की माजी व्यावसायिक खेळाडूंचा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण सामान्य लोकांच्या साधारण साडेतीनपट आहे. पुढे २०२१ मध्ये जागेनुसार पाहिलं तेव्हा सर्वाधिक धोका बचावपटूंना, जवळपास पाचपट. गोलकीपरमध्ये तसा ठळक फरक नाही.

नऊ_नंबर
ते जुन्या, पाणी पिऊन जड होणाऱ्या चामडी चेंडूंमुळे.

मागची_फळी
कोरडा चेंडू तेव्हाही आजच्याइतकाच जड होता, आणि आजचा जास्त वेगाने येतो. मग इंग्लंडमध्ये २०२१ पासून सरावात आठवड्याला दहाच जोरदार हेडर (डोक्याने मारलेले चेंडू) मारा असं का सांगितलं? उगाच?

सेंटरबॅक_४
आमचा कोच एका दमात पन्नास हेडर मारायला लावायचा. रात्री उशीवर डोकं टेकवत नव्हतं. दुखतंय म्हटलं की "भित्रा, याला विंगवर टाका". मी सतरा वर्षांचा होतो, ऐकून घेतलं.

विंगर_११
मग हेडरच बंद करा! कॉर्नरला सगळे हात बांधून उभे राहतील. खेळ उरेल का?

मागची_फळी
बंद कोण म्हणतंय? सराव कमी करा म्हणतोय. नीट वाचत जा.

माझे काका वीस वर्षं सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारे, होते. परवा त्यांना संघाचा जुना फोटो दाखवला. गोलकीपरचं नाव बरोबर सांगितलं, मग स्वतःवर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?" हेडरमुळेच झालं असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. पण "आरामाची नोकरी" हे शब्द त्यांच्यासमोर म्हणून दाखवा.

नऊ_नंबर
काकांचं वाचून वाईट वाटलं. "आरामाची" मी म्हटलं नव्हतं, "सुरक्षित" म्हटलं होतं. तो शब्द मागे घेतो. चाळिशीचा मुद्दा मात्र सोडत नाही.

सेंटरबॅक_४
नका सोडू. लहान मुलांना सरावात किती हेडर मारू द्यायचे, तेवढं तरी बोला.