मदत हवी आहे: आईला गोळीसोबत अश्वगंधा देऊ का?

मंडळी, इंदूरला रामबागेत राहतो. बाबा गेल्यापासून आई गप्पगप्प असते. परवा पोह्यांची बशी तासभर तशीच, वरची शेवही मऊ पडलेली. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) १० मिलिग्रॅम सुरू केलीय, महिन्यात झोप सुधारली. थायरॉइडची गोळी आधीपासूनच आहे. मावशीने सियागंजातून अश्वगंधा नि ब्राह्मीचं चूर्ण आणलंय, ‘गोळ्या सोड’ म्हणते. गोळी मी बंद करणार नाही, एकदम सोडली की चक्कर, बेचैनी होते. पण अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते ना? शिवाय ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी ही दुसरीच वनस्पतीही विकतात, पुडीतलं कसं ओळखायचं? ॲलोपॅथी नि आयुर्वेद, दोन्हीकडची औषधं बघून सांगणारे, मराठी बोलणारे वैद्य इंदुरात कुणाला माहीत आहेत का? आई हिंदीत मन मोकळं करत नाही.