पारितोषिक वितरणात कष्टांची दखल कशी घेतली जावी?

पालक, माहीम: माझी मुलगी कॅथलिक शाळेत सातवीत आहे. दरवर्षी त्याच पाच-सहा मुलांची नावे पुकारली जातात; गणितात ३५ वरून ५८ गुणांपर्यंत मजल मारणाऱ्या तिच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. पालक-शिक्षक संघात नेमकी कोणती मागणी मांडावी?

निवृत्त शिक्षिका, वांद्रे: गुणानुक्रमाची बक्षिसे बंद करा, असे कृपया म्हणू नका; जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या १५९९ च्या शिक्षण-नियमावलीतही पारितोषिकांचे स्वतंत्र नियम होते, इतकी ती प्रथा जुनी आहे. प्रगतीसाठी वेगळे पारितोषिक मागा आणि प्रशस्तिपत्रावर ‘उत्तम प्रगती’ असे नुसते छापण्याऐवजी वर्गशिक्षकांनी स्वतःच्या अक्षरात एक वाक्य लिहावे, असा आग्रह धरा: ‘अपूर्णांकांची चुकलेली उदाहरणे न कंटाळता पुन्हा सोडवून दाखवली.’ मुलाला आपले नेमके काय पाहिले गेले, हे त्यातूनच कळते.

पालक, माटुंगा: सहमत आहे. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या संशोधनात, हुशारीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, तर मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहिली.

शिक्षक, मालाड: एक भर घालतो. सेवावृत्तीचे पारितोषिक धर्मशिक्षणाच्या तासाशी जोडू नये, कारण आपल्याकडील अनेक कॅथलिक शाळांत इतर धर्मांची मुले मोठ्या संख्येने असतात आणि ती त्या वेळी नीतिशिक्षणाच्या तासाला बसतात. निकष जूनमध्येच सर्व पालकांना लेखी कळवावेत, ही मागणी पहिल्याच सभेत नोंदवून घ्या.