विषय: अलास्का क्रूझ – आई-दादांना झेपेल का?

प्रेषक: उदगीरची लेक, बेलव्ह्यू

नमस्कार मंडळी,

आई-दादा मे महिन्यात उदगीरहून येणारेत, तीन महिने राहतील. मागच्या खेपेला आम्ही दोघं ऑफिसात आणि ते दोघं दिवसभर खिडकीत असं झालं, म्हणून औंदा ठरवलंय की सिएटलहून सुटणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ करायचीच, आणि बोट पण जरा महागातली घ्यायची, एकदाच तर करणारेत. पण दादा ७४ चे, आईचे गुडघे तुम्हाला माहितीच आहेत, दोघं पक्के शाकाहारी, आणि आईनं समुद्र बघितलाय तो फक्त गेटवे ऑफ इंडियाला, तोही लांबून. खोली कोणती घ्यावी, काय बघावं, काय सोडावं, ज्यांनी केलीये त्यांनी प्लीज लिहा. नेटवर वाचून वाचून डोकं दुखायलंय.

प्रेषक: नांदेडकर, पोर्टलंड

ताई, खोलीचं नंतर बघ, आधी व्हिसा. आई-दादांचा इंडियन पासपोर्ट ना? मग अमेरिकेचा व्हिसा असून भागत नाही, कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा पण लागतो, कारण परतताना बोट व्हिक्टोरियाला थांबते, म्हणजे कॅनडात. तिथं संध्याकाळी चार-पाच तासच थांबते म्हणून लोक धरतच नाहीत आणि सिएटलच्या काउंटरवर रडतात. आम्ही उतरणारच नाही म्हटलं तरी चालत नाही. बोट मुद्दाम का वळवतात म्हणशील तर १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेतून उचललेले प्रवासी परत अमेरिकेतच सोडायचे असतील तर मधे परदेशातलं बंदर करावं लागतं, आणि या मोठ्या बोटी जवळजवळ सगळ्याच परदेशी झेंड्याच्या. तुम्ही दोघं एच-१ वर असाल तर तुम्हाला पण व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्डावर काम होतं. आणि अमेरिकेत परत यायचं म्हणजे आई-दादांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही बघून घे.

दुसरं, बुक करताना ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांची खाडी, आहे का ते बघ. तिथं दिवसाला दोनच मोठ्या बोटींना सोडतात, बाकीच्या दुसऱ्या खाडीत जातात. ती पण वाईट नसते, पण पैसे भरून झाल्यावर कळण्यात मजा नाही. मी सांगतोय म्हणजे समज.

प्रेषक: लातूरकर काका

पोरी, तुझी मेल वाचली. मी लातूरहून लिहितोय, औसा रोडवरून. मागच्या जूनमध्ये आमच्या पोरानं आम्हा दोघांना नेलं होतं, तेव्हापासून या मेलच्या लिस्टवर माझं नाव राहिलंय आणि मी काही काढू देत नाही, तुमच्या गणपतीच्या मोदकांवरची भांडणं वाचायला बरं वाटतं.

झेपतं. मी ७२ चा होतो आणि हिचे गुडघे तुझ्या आईपेक्षा वाईट. सकाळी उठून बॅग भरायची नाही, बस पकडायची नाही, गाव आपोआप दारात येतंय, म्हाताऱ्यांना याच्यापेक्षा काय पाहिजे. खोली मात्र जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या. पाळण्यात टोकाला बसलं की पोटात गोळा येतो आणि मधल्या दांड्याजवळ येत नाही, तसंच हे. पहिली रात्र बाहेरच्या समुद्रात जरा हलतं, नंतर बेटांच्या आतून जातंय, तिथं चहाच्या कपातला चहा पण हलत नाही. आलेपाक जवळ ठेवा.

आता मजा सांगतो. पहिल्या दिवशी खोलीत गेलो, काय ती खोली, चादरीचा हंस करून ठेवलेला, आणि ही सरळ बाथरूमात गेली, नळ उघडला, धो धो पाणी बघितलं आणि भरून ठेवायला भांडं शोधायला लागली. खोलीत बर्फ ठेवायची एक चकचकीत बादली असते, ती भरून ठेवली. पोरगं पोट धरून हसलं. मी हसलो नाही, कारण तोवर मी दोन बाटल्या भरून कपाटात कपड्यांच्या मागं ठेवल्या होत्या. आमच्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, हात आपोआप जातो. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, तिथल्या एका पोराला विचारलं की बाबा हजारो माणसं दोन-दोन वेळा अंघोळ करायलीत, एवढं गोडं पाणी आणता कुठून? तो म्हणाला, काका, खालचंच. समुद्राचं पाणी इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून, नाहीतर बारीक पडद्यातून दाबून मीठ काढायचं, जहाजावरच. त्यानंतर ती सोन्याची तोटी, ती गाद्या-गिरद्यांची खुर्ची, कशाचंच कौतुक राहिलं नाही मला, मी दिवसभर त्या पाण्याचाच विचार करायचो.

केचिकन म्हणून गाव लागतं. तिथं बंदरावरच पाऊस किती पडला त्याचा मोठा फलक उभा केलाय, आपल्याकडं धरणाची पातळी पेपरात येते तसा. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आपला लातूरचा सात-आठशे, तोही आला तर. मी त्या फलकापुढं छत्री न उघडता उभा राहून फोटो काढून घेतला. बाकी त्या गावात ओढ्यावर लाकडी खांबांवर उभी केलेली एक गल्ली आहे, तिथं पूर्वी काय चालायचं ते गाईडनं सविस्तर सांगितलं आणि हिनं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पण तू काही सोडलंस तरी चालेल, स्कॅगवेची रेल्वे सोडू नको. जहाजाच्या धक्क्यावरूनच बसता येतं, चालायचं नाही, आईसाठी उत्तम. १८९८ ला काम सुरू करून १९०० ला पुरी केली. कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं म्हणून लोक येड्यासारखे धावले होते आणि माणशी साधारण एक टन शिधा-सामान असल्याशिवाय कॅनडावाले घाटमाथ्यावरून पुढं सोडत नव्हते. हिच्या बॅगा बघितल्या असत्या तर लगेच सोडलं असतं. वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडं आहे. आणि रूळ बघितले तर काय, नॅरोगेज! तीन फुटी. आपली बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी होती, १९११ ला लातूरपर्यंत आली. मी कॉलेजला असताना त्या गाडीतनं उतरून, लघवी करून, पळत जाऊन परत चढलोय. त्या डब्यात बसलो, गाडीनं गचका दिला, आणि मला डब्यात शेंगांची टरफलं दिसायला लागली. पुढं आपल्या लाईनीचं ब्रॉडगेज झालं म्हणून तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला येऊ शकली, दहा वाघिण्या, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिण्यांची. शेजारी टेक्सासचा एक म्हातारा बसला होता. पोरानं त्याला इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्याला वाटलं बाटल्यांचं. पोरगं म्हणालं नाही, प्यायचं, अख्ख्या गावाला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग बाहेर धबधबा दिसला की आम्हाला बोट दाखवून दाखवायचा, जसं काही त्याच्याच घरचा आहे.

ग्लेशियर बेच्या दिवशी सकाळी पार्कचे रेंजर होडीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माईकवर सांगतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ही खाडीच नव्हती, सगळा बर्फ होता, १७९४ ला इंग्रजांचं जहाज आलं तेव्हा तोंडापाशीच भिंत होती. आता साठेक मैल आत जावं लागतं. शेवटी मार्जरी नावाची हिमनदी लागते, पाण्याच्या वर अडीचशे फूट उभी. वेरूळचं कैलास शंभरेक फूट, तशी अडीच एकावर एक ठेव. रंग निळा, रसवंतीवर बारदानात गुंडाळून येते त्या लादीसारखा नाही, रॉकेलसारखा निळा. बर्फ दाबून दाबून त्यातली हवा गेली की तांबडा उजेड आत मुरतो आणि निळा तेवढा बाहेर येतो असं रेंजर बाई म्हणाल्या. मग एक कडा सुटला. आधी पडताना दिसला, बिनआवाजाचा, आणि मग गडगडलं, वळवाच्या पावसाआधी गडगडतं तसं. तिथले मूळचे लोक त्याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. सगळे टाळ्या वाजवायलेत, आणि ही म्हणाली, "एवढं पाणी खारं झालं हो."

बाकी हिलाच लिहायला सांगतो. भाकरी थंड होतेय.

प्रेषक: परभणीची वहिनी, सॅन होजे

काकांनी मस्त लिहिलंय पण खोलीबद्दल माझं ऐक, बाल्कनीला जास्तीचे पैसे कामून घालायचे? आम्ही आतली बिनखिडकीची घेतली होती आणि वाचलेल्या पैशांत जुनोला देवमासे बघायची लहान बोट केली. हिमनदीपुढं जहाज गोल फिरवतात, दोन्ही बाजूंना दिसतं, आणि तसंही खरी मजा पुढच्या उघड्या डेकवर, फक्त लवकर जाऊन जागा धर, कानटोपी घाल. सासऱ्यांनी तिथं हिमरू शाल काढली तर चार जण विचारायला आले. देवमाशांचं म्हणशील तर ते हिवाळाभर हवाईला असतात, तिकडं जवळजवळ काही खात नाहीत आणि उन्हाळ्यात इकडं येऊन चरतात, म्हणून दिसतातच. सासूबाई म्हणाल्या, चातुर्मास सोडायला येतात गं. मेंडेनहॉल हिमनदी पण जुनोतच, बसनं जाता येतं, आणि म्हाताऱ्यांना धबधब्यापर्यंत नाही चालवलं तरी तिथल्या व्हिजिटर सेंटरच्या काचेतून छान दिसते.

आता आमची फजिती. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागं. जाताना घड्याळ मागं केलं, येताना पुढं करायचं असतं. आमच्या सासऱ्यांचं चावीचं एचएमटी, ते त्यांनी केलंच नाही, आणि आमचे फोन बोटीवर एअरप्लेन मोडवर, कारण समुद्रात रोमिंगचं बिल म्हणजे सोन्याचा भाव, तर तेही जुन्याच वेळेवर. व्हिक्टोरियाला आम्ही निवांत आइस्क्रीम खायलोय, अजून तास आहे म्हणून. सासूबाईंचं लक्ष चौकातल्या घड्याळाकडं गेलं म्हणून वाचलो. टॅक्सी, पळापळ, वर डेकवरून लोक शिट्ट्या मारायलेत, आम्ही चढलो आणि मागं जिना उचलला. उशिरा येणाऱ्यासाठी बोट थांबत नाही बरं का, पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चानं जावं लागतं. त्या गडबडीत बुचार्ट गार्डन राहिलं ते राहिलंच, १९०४ पासून एका बाईनं चुनखडीच्या जुन्या खाणीत फुलवलेली बाग आहे म्हणे. तू जाऊन ये आणि फोटो टाक.

प्रेषक: लातूरकर काका

मी काकू बोलतेय, बोलून टाईप होतंय, चुका सांभाळून घे. यांनी जेवणाचं काहीच लिहिलं नाही, यांना पाणी सोडून काही दिसत नाही. शाकाहारी, कांदा-लसूण काय असेल ते बुकिंगच्या वेळीच लिहून दे आणि पहिल्या संध्याकाळी मोठ्या वेटरला परत सांग. रोज रात्री तो दुसऱ्या दिवशीचं विचारून घेतो, मग वरण-भात, भाजी, पोळी सगळं मिळतं, पोळी जाड असते. घरचं शिजवलेलं चढू देत नाहीत. माझे पंधरा धपाटे सिएटलच्या धक्क्यावर पोरानं उभ्या उभ्या खाल्ले. पाकीटबंद शेंगदाण्याची चटणी चालते. आमचा वेटर रत्नागिरीचा निघाला, आठ महिने घरी गेला नव्हता, मला रोज हिरवी मिरची मीठ लावून आणून द्यायचा आणि मी त्याला आमच्या येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाचं सांगायचे, भज्जी, आंबील, शेतातली कोप. शेवटच्या दिवशी पाया पडला. त्याच्या आईचा नंबर घेतलाय, बोलणं होतं आमचं.

एका रात्री सगळे नटून येतात, आईला पैठणी ठेवायला सांग. आणि बर्फाच्या बादलीचं यांनी सगळ्या जगाला सांगितलं, यांनी स्वतः रात्री उठून माझा नळ नीट बंद आहे का ते तीनदा बघितलं ते नाही सांगितलं.

प्रेषक: उदगीरची लेक, बेलव्ह्यू

काका, काकू, वहिनी, नांदेडकर, सगळ्यांना थँक्यू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली बुक केली, ग्लेशियर बे आहे, खोली मधली आणि खालची, बाल्कनी नाही. कॅनडाच्या व्हिसाचा फॉर्म काल रात्री भरला, बायोमेट्रिक्सला त्यांना तिकडंच जावं लागेल. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. रेल्वेचं ऐकून दादांनी फोन काढून घेतला आणि अर्धा तास बार्शी लाईटवरच बोलले. आईचा एकच प्रश्न आहे, ती म्हणायली तुम्हालाच विचार, जहाजातल्या बाथरूममध्ये पाण्याचा मग असतो का?

प्रेषक: लातूरकर काका

नसतो. घरून न्या. लाल रंगाचा न्या, आमचा पांढरा होता, तिथंच राहिला.