नात्यात 'इथपर्यंतच, यापुढे नाही' असं जे सांगतो, त्या 'बाउंड्री'ला मराठीत काय म्हणायचं? मर्यादा, हद्द की बांध?

पूर्वभागातली
माझ्या मावसबहिणीनं सासरी सांगितलं, "रात्री जेवणं उरकल्यावर दुकानाचं वहीखातं माझ्यापुढे ठेवू नका, सकाळी करीन." उत्तर आलं, "सूनबाई, मर्यादेत राहा." तिनं मर्यादा सांगितली आणि त्याच शब्दानं तिला गप्प केलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बाउंड्रीला मर्यादा म्हणू नका. हा शब्द आपल्याकडे थोरांनी घालून द्यायचा आणि बाईनं पाळायचा, असाच चालतो. त्यापेक्षा हद्द म्हणा. मूळ अरबी, फारसीतून आला आणि इथं मुरला. आमच्या घरी तेलुगू बोलतात, त्यातही 'हद्दु' आहे. कन्नडमध्येही आहे. सोलापुरात तिन्ही भाषांत कळणारा शब्द असताना दुसरा कशाला शोधायचा?

बाळीवेसकर
ताई, नाही पटलं. हद्द हा चावडीचा आणि चौकीचा शब्द. पोलीस ठाण्याची हद्द, हद्दपार, "आता मात्र हद्द झाली!" 1992 साली शहराची हद्दवाढ झाली, तिकडचे लोक आजही पत्ता सांगताना 'हद्दवाढ भाग' म्हणतात. हद्द सरकार आखतं, वाढवतंही तेच. माणसानं स्वतःहून स्वतःला घातलेलं बंधन म्हणजे मर्यादा. रामाला मर्यादापुरुषोत्तम म्हणतात ते त्यासाठीच.

पूर्वभागातली
रामाची मर्यादा रामानं ठरवली, दादा. सीतेच्या वाट्याला लक्ष्मणरेषा आली.

जुनी पोथी
मध्येच बोलते, कारण हे नेहमी चुकीचं सांगितलं जातं. वाल्मीकी रामायणात ती रेषा नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसात सीताहरणाच्या प्रसंगातही नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला सुनावते, की रामाच्या धाकट्या भावानं ओढलेली साधी रेघ तुम्हाला ओलांडता आली नाही, आणि म्हणे पराक्रमी! म्हणजे तिथं रेघ अडवते ती रावणाला. आपण मात्र ती मुलींना ऐकवतो. बाउंड्री म्हणजे हेच तर, बाहेरच्यानं कुठं थांबायचं ते सांगणं.

पतसंस्थावाला
मर्यादा इतकी टाकाऊ नाही हो. आमच्या संस्थेच्या पाटीवर नावापुढे 'मर्या.' लिहिलंय. त्याचा अर्थ, संस्था बुडाली तर सभासदाची देणेदारी त्याच्या भागभांडवलापुरतीच, घरावर जप्ती नाही. 'माझी जबाबदारी इथपर्यंत' हे इतक्या नेमकेपणानं दुसरा कुठला शब्द सांगतो? ताईंच्या बहिणीनं नेमकं हेच सांगितलं. चूक ऐकणाऱ्याची आहे, शब्दाची नाही.

मोहोळचा शेतकरी
शहरात राहून तुम्ही शेताचा शब्द विसरलात. बांध म्हणा. 'सीमा'पासून झालेली शीव गावाची (मुंबईचं शीवसुद्धा त्यातलंच), बांध ज्याच्या त्याच्या वावराचा. आणि घरात जे चालतं त्याला आमच्याकडे तयार शब्द आहे, बांध कोरणे. दरसाल नांगरताना एक तास (नांगराची एक चरी) जास्त घ्यायचं, वीतभर माती आपल्याकडे ओढायची. दिसत नाही, पण पाचसहा वर्षांत गवत आणि बोरीची झुडपं गायब, बांधाची नुसती रेघ उरते. रात्रीचं वहीखातं म्हणजे तेच. शिवाय बांध माणसं तोडत नाही. जमीन महसूल संहिता 1966, कलम 143 बघा, शेतात जायला वाट नसेल तर तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात.

पूर्वभागातली
बांध कोरणे फार आवडलं, ते घेतलंच. पण दादा, बांध कोरल्यावर तुम्ही कुठं जाता? भूमी अभिलेखला अर्ज देता, 'हद्द कायम मोजणी'चा. सरकार आपणहून येत नाही, ज्याचं वावर आहे तोच अर्ज करतो आणि फी भरतो. बाळीवेसकरांना हेच उत्तर आहे. आणि कलम 143 ची भीतीच वाटते मला. सुनेच्या बांधावरून सगळ्यांना कायमचा रस्ता मिळतो, तिला कुणाच्या बांधावरून मिळतो?

बाळीवेसकर
मोजणीचा मुद्दा मान्य. पण त्याच मोजणीला लगतच्या खातेदारांनाही नोटीस जाते, ते हजर असताना खुणा दाखवतात. बहिणीनं सासू-सासरे, नवरा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं का? की एकट्या सासूबाईंना स्वयंपाकघरात?

पूर्वभागातली
सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नवरा मोबाईल बघत होता.