'डाउटिंग थॉमस'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: विज्ञानावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात एका शास्त्रज्ञाला 'डाउटिंग थॉमस' म्हटलंय, म्हणजे स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा. मूळ थॉमस हा येशूचा शिष्य, म्हणजे 'अपोसल'. संपादक 'संशयी थॉमस' करा म्हणतात. मला ते खटकतंय. शिवाय नाव थॉमस ठेवू की थोमा? आणि तळटिपेत 'अपोसल'ला 'प्रेषित' लिहिलं, तर वाचकाला महंमद पैगंबर आठवतील का?

वसईकर: आधी शेवटचं. मराठी बायबलात 'प्रॉफेट' म्हणजे संदेष्टा आणि 'अपोसल' म्हणजे प्रेषित. 'प्रेषितांची कृत्ये' हे तर नव्या करारातल्या एका पुस्तकाचंच नाव आहे. ग्रीक 'अपोस्तोलोस'चा अर्थ 'पाठवलेला', अरबी 'रसूल'चाही तोच. त्यामुळे 'प्रेषित' दोन्हीकडे चालतो. 'येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक' लिहा, घोळ होणार नाही. नावाचं म्हणाल तर बायबलात थोमा, बोलण्यात संत थॉमस. तुमच्या लेखात थॉमसच ठेवा.

पोथीवाला: ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. मराठीत शंका विचारतात आणि संशय घेतात. शंका विचारणारा विद्यार्थी गुरुजींना आवडतो. संशयी म्हटलं की बायकोच्या येण्याजाण्यावर नजर ठेवणारा नवरा डोळ्यांपुढे येतो. त्यात गीतेचं 'संशयात्मा विनश्यति' कानात बसलेलं! थोमाने तर कुणाच्या हेतूवर बोट ठेवलं नव्हतं. येशू पुन्हा उठला हे बाकीच्यांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. बाकीच्यांनी तरी न पाहता कुठे मानलं होतं? बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, २०व्या अध्यायात, येशूने त्यांना आपले हात आणि कूस आधीच दाखवली होती. थोमा नेमका तेव्हा तिथे नव्हता.

आणखी एक गंमत. या प्रसंगात ग्रीक पाठात 'संशय' असा शब्दच नाही. येशू त्याला सांगतो ते 'अपिस्तोस होऊ नकोस', म्हणजे विश्वास न ठेवणारा होऊ नकोस. 'का संशय धरलास?' हा प्रश्न मत्तयाच्या १४व्या अध्यायात आहे आणि तो विचारलाय पेत्र या दुसऱ्या शिष्याला, पाण्यावरून चालताना बुडू लागला तेव्हा. पण पेत्राच्या माथी ते बिरुद बसलं नाही, बिचाऱ्या थोमाच्या बसलं. व्रणात बोट घातल्याचंही योहान कुठे लिहीत नाही. समोर पाहिल्यावर तो 'माझा प्रभू आणि माझा देव' एवढंच म्हणतो. बोट जखमेत घातलं ते काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराने, १६०१-०२च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात! आपल्या मनातला थोमा बराचसा त्या चित्रातला आहे.

अनुवादिका: मग 'थॉमस' या नावात तरी संशयाचा काही अर्थ आहे का?

पोथीवाला: अजिबात नाही. अरामी भाषेत 'तोमा' म्हणजे जुळा. योहान त्याचंच ग्रीक रूपही देतो, 'दिदुम'. कुणाचा जुळा, ते बायबल सांगत नाही. याच योहानाच्या ११व्या अध्यायात येशू जिवावरचा धोका पत्करून यहूदियाकडे निघतो, तेव्हा 'चला, आपणही त्याच्याबरोबर मरू' म्हणणारा हाच थोमा. पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

कोचीकर मराठी: केरळात नोकरीला असल्यामुळे थोडी भर घालतो. इथल्या नसराणी ख्रिस्ती समाजात 'मार तोमा' म्हणजे मूळपुरुष. 'मार' ही सिरियाक भाषेतली आदराची उपाधी. इ.स. ५२मध्ये तो मुझिरिस या केरळातल्या प्राचीन बंदरात उतरला आणि चेन्नईच्या मैलापूर भागात हुतात्मा झाला, अशी त्यांची परंपरा आहे. संशयाची गोष्ट त्यांनाही ठाऊक आहे, पण त्याची ओळख तिच्यावरून नाही.

'थोमाची कृत्ये' हा तिसऱ्या शतकातला सिरियाक ग्रंथ तर धमाल आहे. बायबलात त्याला जागा नाही. त्यातला थोमा आधी हिंदुस्थानात यायलाच नकार देतो. मग येशू त्याला गुलाम म्हणून एका व्यापाऱ्याला विकतो. गुंडफर राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो आणि हा ते सगळे गोरगरिबांना वाटून टाकतो. राजाने विचारलं तर म्हणे, महाल स्वर्गात बांधून झालाय! हा राजा दंतकथेतलाच वाटला असता, पण गोंडोफेरिस, म्हणजे याच नावाच्या राजाची नाणी हिंदुस्थानच्या वायव्येकडे खरोखर सापडली आहेत. त्याने कथा खरी ठरत नाही, पण राजाचं नाव हवेतलं नव्हतं.

वसईकर: मुंबईकर तर त्याच्या नावाने रोज तिकीट काढतात. फोर्टमधलं सेंट थॉमस कथीड्रल १७१८मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. किल्ल्याच्या ज्या वेशीतून त्या चर्चकडे जात, ती चर्चगेट.

अनुवादिका: हे मला अजिबात माहीत नव्हतं! बरं, मग वाक्य असं करू का: 'पुरावा हातात आल्याशिवाय न मानणारा'?

पोथीवाला: चांगलं आहे. मी 'स्वतः खातरजमा केल्याशिवाय न मानणारा' लिहीन. थॉमस मजकुरातून काढा. ठेवायचाच असेल तर तळटिपेत. संपादक अडूनच बसले तर निदान 'शंकेखोर' करा. तोही टोचतो, पण 'संशयी'इतका नाही.