तुमच्या मनातलं रिव्हॉल्वर कुठलं? अनुभव लिहा

रिव्हॉल्वरचं वेड असलेल्यांसाठी हा धागा. हातात आलेलं, हातातून गेलेलं किंवा कधीच मिळणार नाही हे माहीत असून डोक्यातून न जाणारं, कुठलंही चालेल, फक्त तेच का ते लिहा.

सुरुवात मी करतो, पुढचा प्रत्येक परिच्छेद वेगळ्या सदस्याचा. आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट, पॉइंट थर्टी टू बोअरचं. मधून मोडून उघडलं की सहाही पुंगळ्या एकदम वर यायच्या, आजोबा रिकाम्या पुंगळ्या घालून दाखवायचे आणि मी परत परत करायला लावायचो. त्यांच्यानंतर ते काकांच्या परवान्यावर चढलं. मग 2019 ला कायदा बदलला, तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येणार म्हटल्यावर एक सोडणं भाग होतं आणि तेच गेलं. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून इथे जुन्या विलायती रिव्हॉल्वरला लाखांत भाव आहे, पण मला दुसरं नकोच, तेच हवंय.

मी ह्यूस्टनला असतो. कोल्ट पायथन, सहा इंची नळी, जुनं रॉयल ब्लू पॉलिश. 1955 ला आलं, 2005 च्या सुमारास बंद पडलं, 2020 ला स्टेनलेसमध्ये परत आलं तेव्हा मी लगेच घेतलं, बंदूक म्हणून छानच आहे, पण त्या निळ्यात जी खोली आहे ती यात नाही. सत्तरच्या दशकातलं एक सापडलं होतं, पैसेही जमवले होते. घोडा (गोळीवर आपटणारा मागचा भाग) अगदी हळूहळू चढवून बघितला तर घोडा पूर्ण मागे आला तरी सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, लॉक होईना, टायमिंग, म्हणजे दोघांचा मेळ, गेलेलं. ते नीट करणारे हात आता फार कमी उरलेत, सोडून दिलं. फार जीवावर आलं. जुनं घेणार असाल तर हे आधी तपासा, दिसण्यावर जाऊ नका.

माझं स्वप्न कोल्ट वॉकर, 1847. जवळपास साडेचार पौंड वजन, एकूण 1100 च्या आसपासच बनली. 2018 ला पेटीसकट एक 18 लाख 40 हजार डॉलरला गेलं, त्यामुळे मी इटालियन रेप्लिकावर समाधानी आहे.

वेब्ली-फॉसबेरी! गोळी सुटली की धक्क्याने नळी आणि सिलिंडर मागे सरकतात, सिलिंडरवरच्या नागमोडी खाचांमुळे पुढची गोळी आपोआप समोर येते आणि घोडाही चढतो. रिव्हॉल्वर असून ऑटोमॅटिक, तेही 1901 मध्ये. ते शोधून काढणारा फॉसबेरी ब्रिटिशांच्या बंगाल आर्मीतला, 1863 च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला. इंग्लंडमध्ये एका लिलावाच्या आधी पाहायला ठेवलं होतं तेव्हा दोन मिनिटं हातात मिळालं, त्या खाचांवरून बोट फिरवलं, तो स्पर्श अजून आठवतो.

बाबांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. स्प्रिंगा हाताने घासून बसवायचे, हजार हत्यारं हाताखालून गेली असतील. त्यांना एकच हवं होतं, 1873 चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, आणि ते त्यांच्या टेबलावर कधी आलंच नाही. घोडा मागे घेताना त्यात चार वेगवेगळे क्लिक होतात, लोक म्हणतात त्यात कोल्टची चार इंग्रजी अक्षरं (C-O-L-T) ऐकू येतात. मी अमेरिकेत आल्यावर एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे जुनं पाहिलं, त्यांची परवानगी घेऊन फोन जवळ धरला आणि आवाज रेकॉर्ड करून बाबांना पाठवला. त्यांनी तो पाच-सहा वेळा ऐकला आणि मग फोन करून म्हणाले, तिसरा क्लिक जरा दबलाय, स्प्रिंग बघायला सांग त्यांना.